डिझेलची वही

व्हर्लने चौतीस वर्षं धान्याचे ट्रक तोलले,
नेब्रास्कात, रेल्वेच्या कडेच्या कोठारावर.
त्यामुळे जगात जे बिघडतं
ते वजनाने बिघडतं, हा त्याचा पक्का हिशोब.

निवृत्तीनंतर आधी घेतला ट्रॅव्हल ट्रेलर.
पिकअपच्या शेपटीला अडकवलेला, अठ्ठावीस फुटी,
शेजारून मालट्रक गेला की आधी आत ओढला जायचा
मग बाहेर फेकला जायचा,
आणि व्हर्ल स्टीअरिंगला असा चिकटायचा
जसं कुणी उधळल्या गोऱ्ह्याची वेसण धरावी.
वहीत लिहिलं : गॅलनला नऊ पॉइंट दोन मैल.
खाली रेघ. रेघेखाली एक शिवी, ती खोडलेली.

मग फिफ्थ व्हील आला.
हा शेपटीला नाही, पाठीवर बसतो,
मागच्या आसाच्या बरोबर वर, सोंडेसारखी मान टेकवून.
वळतो शहाण्यासारखा, डुलत नाही.
पण दोन हजार पौंड जास्त, आणि कपाळ
पिकअपच्या टपावरून हातभर उंच.
नऊ पॉइंट चार.
"एवढे पैसे ओतून दोन दशांश!"
व्हर्ल पंपावर उभा राहून
आकड्याकडे बघत राहिला, नळी अजून हातातच.

त्या रात्रीपासून सामान उतरू लागलं.
बिडाचा तवा. टोमॅटोचे डबे.
त्याचे स्वतःचे बूट, एक जोड ठेवून.
आणि माझं शिलाई मशीन, काळं, ओतीव लोखंडाचं,
चाळीस पौंड.
"घरी राहील," तो म्हणाला. "कुठे पळतंय?"

शेजारच्या जागेवर सस्कॅचेवानचा ओरेस्ट उतरला होता.
घडीची खुर्ची उघडत तो म्हणाला,
"वाऱ्याला तुझा तवा दिसत नाही, व्हर्ल.
त्याला दिसतं फक्त कपाळ.
हळू चालव. बाकी सगळं उगाच."
व्हर्लने त्याला कॉफी दिली,
सल्ला घेतला नाही.

पुढच्या सफरीच्या आदल्या रात्री
मी मशीन परत आणलं, घोंगडीत गुंडाळून,
पलंगाखाली, चाकाच्या खोबणीशेजारी.
तो मासे धरायला गेला की शिवायची,
दोऱ्याचे तुकडे वेचून खिशात टाकायची.
पडद्यांना नवी किनार आली. त्याने विचारलं नाही.
वायोमिंगमध्ये वारा पाठीशी लागला
आणि वहीत चढलं : अकरा पॉइंट आठ.
"बघ," तो म्हणाला, "एका मशीनचा फरक!"
मी खिडकीबाहेर बघितलं.
बाहेर नुसतं गवत होतं, आडवं झालेलं,
आमच्याच दिशेला.

यंदा त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, एकाचं नीट, एकाचं नाही.
आता मी चालवते.
पंचावन्नच्या वर जात नाही, मागचे हॉर्न वाजवतात,
वाजवू देत.
रॉलिन्सच्या पंपावर पेन शोधायला
मी समोरचा कप्पा उघडला
तर रबरात बांधलेल्या पावत्या :
ट्रकतळांवरच्या वजनकाट्यांच्या,
पुढचा आस, मागचा आस, गाडा, एकूण.
व्हर्ल प्रत्येक सफरीत एकदा काटा चढायचा, तो मला चहाला पाठवून.
तीन उन्हाळ्यांपूर्वीची एक, लॅरामीची.
बाजूला पेन्सिलने, त्याच्या कोठारातल्या अक्षरात :
अधिक चाळीस. आर्डिसचं मशीन.
खाली दोन शब्द :
असू दे.

मी रबर पुन्हा लावलं. पेन सापडलं.

"किती आला?" त्याने विचारलं,
वही मांडीवर, नीट डोळ्याच्या जवळ धरून.
"अकरा पॉइंट एक."
तो लिहायला लागला, मोठमोठं, ओळ सोडून.
"वाराही समोरून होता," मी म्हटलं.
"वाऱ्याचं काय," व्हर्ल म्हणाला,
"शेवटी सगळं वजनावर असतं."
"हो," मी म्हटलं,
आणि गाडी गिअरमध्ये टाकली.